रस्ता खुला करणारा माणूस

आमच्याकडे गणपतीच्या जेवणाला आलेला ख्रिस्टी ब्रेडी दुपारी साडेबाराला सोफ्यावर बसला तो संध्याकाळी सात वाजेपर्यंत उठला नाही. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात जे काही बोलले, ते आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आम्ही आयर्लंडमधल्या या वसाहतीत तेव्हा नुकतेच राहायला आलो होतो. मी लिक्सलिपच्या चिप कारखान्यात, माझा नवरा नितीन क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कात, आणि दोघांना सोयीचं म्हणून मधलं हे गाव निवडलेलं. शेजारी कोण राहतं हे कुंपणावरून दिसणाऱ्या करड्या टोपीपुरतंच माहीत होतं. पण घरात गणपती असताना शेजाऱ्याला बोलवायचं नाही हे काही मला पटेना, म्हणून जाऊन सांगून आले. तो टाय लावून आला. हातात स्वतः केलेला सफरचंदाचा टार्ट. आरतीला टाळ्या वाजवल्या, वरणभात चमच्याने व्यवस्थित संपवला, मोदकाला 'लव्हली' म्हणाला. इथपर्यंत सगळं छान होतं.

तीन वाजता पहिलं कुटुंब निघालं. ख्रिस्टी उठला, त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेला, गाडी वळेपर्यंत हात हलवला आणि परत येऊन जागेवर बसला. पुढचं कुटुंब निघालं, पुन्हा तेच. पाच वाजेपर्यंत घर रिकामं झालं. उरलो मी, नितीन, आमचा मुलगा अर्णव आणि ख्रिस्टी. आता आपल्याकडे पाहुण्याला 'निघा' म्हणायची सोय नाही. नितीन आपला सवयीने दर अर्ध्या तासाने, "बसा हो, घाई काय आहे? चहा घ्या," म्हणत होता आणि ख्रिस्टी गंभीरपणे मान डोलावून बसत होता. चार चहा झाले. हवापाणी बोलून झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात आपटली. ढिम्म!

सातच्या सुमाराला वरून सौरभ डोळे चोळत खाली आला. सौरभ म्हणजे नितीनचा मावसभाऊ, गॉलवेच्या विद्यापीठात शिकणारा. मोदक जास्त झाल्यामुळे दुपारीच आमच्या अर्णवच्या खोलीत जाऊन आडवा झाला होता, आणि आम्ही यजमान त्याला साफ विसरलो होतो. तो पाठपिशवी उचलून बसकडे पळाला तसा ख्रिस्टी उठला. टोपी घातली.

"चौदा आले होते, चौदा गेले," तो म्हणाला. "ग्रँड." इथे 'सगळं ठीक' याला ग्रँड म्हणतात.

आणि कुंपणाच्या पलीकडे, म्हणजे वीस पावलांवर, आपल्या घरी गेला. नितीन माझ्याकडे बघत राहिला. "अगं, तो सौरभसाठी थांबला होता!"

ख्रिस्टी गेल्या फेब्रुवारीत गेला, शहाऐंशीव्या वर्षी, झोपेत. त्याची सगळी हकिगत मला सांगता येणार नाही, कारण ती मला माहीतच नाही. जन्म याच गावातला. चौकातल्या गॅरेजमध्ये पन्नास वर्षं काम केलं. बायको नोरा आम्ही यायच्या आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. एवढंच. पण एक मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते: शेवटचा माणूस गेल्याशिवाय ख्रिस्टी कुठूनही निघायचा नाही.

चर्चमधून सगळ्यात शेवटी तो बाहेर पडायचा. पाद्रीबुवांनी कंटाळून त्याला किल्लीच देऊन टाकली होती. कचऱ्याचे डबे उचलले जायचे त्या दिवशी गल्लीतले सगळ्यांचे डबे आत गेले की मग तो आपला आत घ्यायचा. एकदा मी त्याला माझ्या गाडीतून वाणसामानाला नेलं. बिलाच्या रांगेत मागून जो येईल त्याला तो, "जा पुढे, जा," म्हणत राहिला. माझं आइस्क्रीम वितळायला लागलं तेव्हा मी त्याला दंडाला धरून पुढे ढकललं. तो मुळीच रागावला नाही. "तुझ्या मागे अजून एक बाई आहेत," एवढंच म्हणाला.

इथे पोरंसोरंसुद्धा म्हाताऱ्या माणसांना नावाने हाक मारतात. ते माझ्या तोंडात येईना. 'मिस्टर ब्रेडी' म्हटलं तर तो मागे वळून बघायचा. ते माझे वडील, म्हणायचा, आणि ते आता नाहीत. शेवटी मी 'ख्रिस्टीकाका' सुरू केलं. काका म्हणजे काय, त्याने विचारलं. वडिलांचा भाऊ, मी सांगितलं. त्याने टोपी सारखी केली. मग म्हणाला, "चालेल." तोंडावर काका म्हणत असले तरी मनात मात्र तो एकेरीच राहिला. इंग्रजीत झालेल्या ओळखीत अहो-जाहो कुठून आणायचं?

संध्याकाळी आमच्या घरांसमोरच्या हिरवळीवर वसाहतीतली सगळी पोरं खेळत. ख्रिस्टी कुंपणाच्या भिंतीला टेकून उभा असे. खेळ बघत नसे. पोरं मोजत असे. मला ते सुरुवातीला थोडं विचित्र वाटलं. अर्णवला विचारलं तर तो त्याच्या त्या आयरिश हेलात म्हणाला, "ही'ज ग्रँड, आई. ही जस्ट काउंट्स अस."

एका ऑक्टोबरात पोरं लपाछपी खेळत होती. जेवायची वेळ झाली तसा एकेक घरी गेला, आणि लपलेल्या एकाला सगळेच विसरले. तो एक म्हणजे अर्णव. मला वाटलं मित्राकडे असेल; मी पोळ्या लाटत बसले. पाऊण तास ख्रिस्टी एकटा हिरवळीवर उभा होता. अकरा उतरले होते मैदानात, दहाच आत गेले होते. तो नाव घेऊन हाका मारत नव्हता. मोठ्याने सांगत होता, "खेळ संपला रे! तू जिंकलास! ये बाहेर, तू जिंकलास!" वीजमंडळाच्या हिरव्या पेटीमागून अर्णव बाहेर आला तो रडवेला झाला होता, पण जिंकलेला होता. ख्रिस्टीने त्याला दारात आणून सोडलं आणि म्हणाला, "हा फार चांगला लपतो." मी दारातच त्याचा हात धरला. पण तो आभार ऐकायला थांबलाच नाही.

हे असं का, हे मला कळायला माझ्या आईला तासगावहून यावं लागलं. आणि येताना एरंडेलाची बाटली आणावी लागली.

आईचे गुडघे दुखतात. गेल्या वर्षी जूनमध्ये ती चार महिन्यांसाठी आली ती इथल्या थंडीच्या धास्तीने घरच्या घाण्याचं एरंडेल घेऊनच. सकाळी वाटीत तेल गरम करायचं आणि चोळत बसायचं. एका सकाळी तिच्या हातून वाटी कलंडली. तेल तापलेल्या शेगडीवर सांडलं आणि घरभर धूर झाला.

"आगं, सांडलं की गं माझं!" आई ओरडली. "लई धूर झालाय, दार उघड!"

मी मागचं दार उघडलं तर दारात ख्रिस्टी. बहुतेक टोमॅटो द्यायला आला होता. तो आत येईना. डोळे मिटून, नाक वर करून नुसता उभा.

"ह्यास्नी काय झालं? चक्कर आली काय?" आई घाबरली.

"आज कोण पळवतंय गाडी?" ख्रिस्टीने डोळे न उघडता विचारलं.

मी म्हटलं, काका, कुणी नाही, एरंडेल तेल जळलंय. "ते मला समजतं," तो म्हणाला, "एरंडेलच ते." मग आत आला, टोमॅटो ओट्यावर ठेवले आणि खुर्चीत बसला. त्याने आम्हाला सांगितलं की त्याच्या तरुणपणी शर्यतीच्या मोटारसायकलींना एरंडेलाचंच वंगण घालत. इंजिनं तापली की हाच वास सुटायचा आणि शर्यतीनंतर तीन दिवस गावात राहायचा.

मी ते आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "यंत्राला एरंडेल? मग यंत्राचं पोट साफ होत असंल." मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. ख्रिस्टी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग आपणहून बोलायला लागला. तो बोलायचा, मी आईला सांगायची, असं तासभर चाललं.

पन्नासच्या दशकात वर्षातून एक शनिवार या गावाचे रस्ते बंद होत. मैदान नाही, ट्रॅक नाही. शर्यत लोकांच्या दारांवरूनच. चौकातल्या चर्चपासून निघायचं, कालव्याच्या कुबडासारख्या पुलावरून, गिरणीला वळसा घालून, जुन्या जहागिरीच्या उंच दगडी भिंतीला घासून परत चौकात. सात मैलांची एक फेरी. दिव्याच्या खांबांना गवताच्या पेंढ्या बांधायच्या. कोपऱ्यावरच्या घरांच्या भिंतींना लोक आपल्या गाद्या उभ्या करून लावत; त्या रात्री कितीतरी घरं नुसत्या फळ्यांवर झोपायची. पुलावर दोन्ही चाकं जमीन सोडत. भिंतीवर माणसं चिमण्यांसारखी दाटीवाटीने बसलेली असत. आणि सकाळी एकदा रस्ता बंद झाला की झाला. गायी गोठ्यात, डॉक्टर दवाखान्यात, कुणाचं लग्न असलं तर नवरी घरात. कुणी रस्त्यावर पाय ठेवायचा नाही.

रस्ता परत खुला करायचा तो एकाच माणसाने. सगळ्या शर्यती संपल्या की एक गाडी सर्वांत मागून सावकाश पूर्ण फेरी मारायची. कोण पडलाय, कुणाची गाडी बंद पडलीय, कुणी मागे राहिलंय का, हे बघत. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं हे तिचं काम. सगळे आत आले की त्या गाडीतून हिरवं निशाण बाहेर काढायचं. ते दिसलं की चौकातला पोलीस सार्जंट रस्त्यावर आडवा बांधलेला दोर सोडायचा आणि गाव आपापल्या कामाला लागायचं. जिंकणाऱ्यापेक्षा या गाडीला टाळ्या जास्त पडत, ख्रिस्टी म्हणाला, कारण लोक सकाळपासून कोंडलेले असत.

विसाव्या वर्षी त्याला ते काम मिळालं, गॅरेजची व्हॅन तोच चालवायचा म्हणून. त्याच वर्षी त्याचा मोठा भाऊ जो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. दोन मोडक्या गाड्यांमधून त्याने एक गाडी स्वतः जुळवली होती, घरामागच्या खोपटात, दोन हिवाळे खपून. जिंकायची बातच नव्हती. पण शर्यत भरवणाऱ्या क्लबचा एक नियम होता. जो आपली गाडी रस्ता खुला व्हायच्या आत, चालवत नाहीतर ढकलत, स्वतः रेषेपलीकडे नेईल त्याचं नाव शर्यत पुरी करणाऱ्यांच्या यादीत यायचं. ती यादी सोमवारी चर्चच्या दाराला लागायची. जोला फक्त तेवढंच हवं होतं.

शेवटच्या फेरीत कालव्याच्या पुलाजवळ त्याची साखळी तुटली. दोन मैल बाकी. जो उतरला आणि गाडी ढकलायला लागला. बाकी सगळे केव्हाच पोचले होते. मागून ख्रिस्टीची व्हॅन आली आणि पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागे मागे चालायला लागली.

"बराच वेळ मी नीट मागे राहिलो," ख्रिस्टी म्हणाला. "मग भिंत आली."

भिंतीवरच्या लोकांना घरी जायचं होतं, गायींच्या धारा काढायच्या होत्या. पुढे घामाघूम झालेला एक माणूस आणि मागे पावलापावलाने येणारी काळी व्हॅन; कुणीतरी टोपी काढून छातीवर हात ठेवला, जणू मयत चाललंय. दुसऱ्याने छातीवर क्रूसाची खूण केली. मग सगळी भिंतच टोप्या काढून, खोटी जपमाळ ओढत, खदखदून हसायला लागली. त्यात त्याच्या वर्गातली मुलं होती. नोराही होती.

"मी वीस वर्षांचा होतो," ख्रिस्टी म्हणाला. "मी निशाण बाहेर काढलं आणि त्याला मागे टाकून पुढे गेलो."

दोर सुटले. दुधाच्या गाड्या, सायकली, घरी निघालेले लोक, रस्ता एकदम भरून गेला. जो आपली गाडी घेऊन रस्त्याच्या कडेकडेने आला तेव्हा वेळ नोंदवणाऱ्याने टेबलसुद्धा उचललं होतं.

हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने गुडघ्यावरचा हात थांबवला. "आन् ह्यो म्होरं गेला?"

"गेला."

"मग भाऊ काय म्हणला?"

मी विचारलं. "काहीच नाही," ख्रिस्टी म्हणाला. जो तीन आठवड्यांनी बोटीने इंग्लंडला गेला, कॉव्हेन्ट्रीच्या मोटारींच्या कारखान्यात लागला, तिथलाच झाला. मोटारसायकलीवर पुन्हा बसला नाही. त्यांच्या आईच्या मातीला आला होता. कबरीच्या पलीकडे उभा राहिला आणि संध्याकाळच्या बोटीने परत गेला. दर नाताळला एक कार्ड यायचं, आत फक्त 'जो' एवढीच सही. ख्रिस्टीकडूनही तसंच कार्ड जायचं. साठाहून जास्त वर्षं दोन भाऊ असे एकमेकांना आपापलं नाव कळवत होते.

मला रागच आला. "अहो काका, मग फोन करा की! पंच्याऐंशी-नव्वदीला आलात दोघं!"

"काय बोलू त्याच्याशी?" त्याने विचारलं. अगदी खरंच विचारलं, मला ठाऊक असेल अशा आशेने.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं. मी सांगितलं. आई पुन्हा गुडघा चोळायला लागली. "बोलायचं काय त्यात? जेवायला बोलवा म्हणावं. मी आक्टोबरात जाणार, त्याच्या आदी. म्या करते सैपाक."

आता माझी आई ख्रिस्टीपेक्षा चौदा वर्षांनी लहान. पण तिने ते अशा आवाजात सांगितलं की तो खुर्चीत सरळ होऊन बसला. मी भाषांतर करेपर्यंत त्याला अर्थ कळलेला होता. त्याच दुपारी आमच्या टेबलाशी बसून त्याने पत्र लिहिलं. चार ओळींना दीड तास लागला. शेजारीण जेवायला बोलावते आहे, असं त्यात होतं. मीही बोलावतोय, असं अगदी शेवटी लिहिलं.

मग सुरू झालं थांबणं. "तो येणार नाही," ख्रिस्टी मला रोज सांगायचा आणि पोस्टमनच्या वेळेला रोज कुंपणाशी उभा असायचा. इतका हळवा झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. अंगाने उतरला. आई रोज विचारायची, "आलं का भावाचं?" आणि तो तिला मान हलवून नाही सांगायचा. सात आठवड्यांनी कार्ड आलं. आत सप्टेंबरातल्या शनिवारची तारीख, विमानाची वेळ, आणि खाली: गाजावाजा नको.

डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर ख्रिस्टीने आपणहून गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून विमानतळावर मी गेले, तो शेजारी बसून. जो ख्रिस्टीपेक्षा उंच निघाला. एकोणनव्वद वर्षांचा, ताठ, हातात चार चाकांचा वॉकर. दोघांनी हस्तांदोलन केलं. "जो." "ख्रिस्टी." बास! चाळीस मिनिटं गाडीत पावसाबद्दल आणि घरांच्या किमतींबद्दल बोलणं झालं. एक पुढे, एक मागे, दोघंही काचेतून बाहेर बघत. इतक्या लांबून हा पावसाबद्दल बोलायला आलाय का?

गाव आलं. जहागिरीची भिंत सुरू झाली तसं जोने मागून माझ्या सीटवर टकटक केलं. "इथे थांबव गं जरा."

मला वाटलं, त्याला मळमळतंय. मी कडेला घेतली. तो सावकाश उतरला, डिकीतून वॉकर काढायला लावला, आणि काही न बोलता चौकाच्या दिशेने चालायला लागला. त्या टप्प्यात पायवाट नाही. भिंत आणि लगेच रस्ता. तो रस्त्याच्या मधोमध चालत होता.

"अहो, हे कुठे निघाले?" मी विचारलं.

ख्रिस्टीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चौकापर्यंत," तो म्हणाला. "त्याच्या मागे राहा. पहिला गिअर."

चारशे पावलं असतील. मी धोक्याचे दिवे लावून मागून निघाले. आमच्या मागे एक बस आली, मग सामान पोचवणारी व्हॅन, मग किती आल्या कोण जाणे. या देशात उगीच हॉर्न वाजवत नाहीत, पण पाच मिनिटांनी एकाने वाजवलाच. मग दुसऱ्याने. पुढे जो थांबला, श्वास घेतला, पुन्हा चालू लागला. बसथांब्यावरची मुलं फोन काढून आमचा व्हिडिओ घ्यायला लागली, हसायला लागली. माझे कान तापले. त्यातला एक माझ्या कारखान्यातल्या बाईचा मुलगा होता. समोरचा रस्ता मोकळा दिसला आणि मी न ठरवताच चाक थोडं उजवीकडे वळवलं, पुढे जाऊन थांबू म्हणून.

ख्रिस्टीने हात पुढे करून स्टिअरिंग धरलं. पकड घट्ट होती. "नाही," तो म्हणाला. "पुढे जायचं नाही."

मी चाक सरळ केलं. मला त्या क्षणी तो वीस वर्षांचा मुलगा कळला.

त्या दिवसानंतर ख्रिस्टी पाच महिने होता. जो चार दिवस राहिला. आईच्या हातची वांग्याची भाजी दोघांनी रडत रडत खाल्ली, तिखटामुळे, असं दोघांचंही म्हणणं. पुढे दर रविवारी कॉव्हेन्ट्रीहून फोन यायला लागला. हे सगळं मी पाहिलं. पण ख्रिस्टी आठवला की मला तो दिसतो त्या शनिवारी दुपारी, चौकात.

चौकात जिथे शर्यतीची रेषा असायची तिथे आता औषधांचं दुकान आहे. जो त्याच्यासमोर पोचला, वॉकर वळवला आणि त्याच्याच बैठकीवर धापा टाकत बसला. मी गाडी कडेला घातली. मागची बस, व्हॅन, सगळे पुढे निघून गेले. ख्रिस्टी दार उघडून उतरला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, खाली बघत. माझी काच उघडी होती. मी बंद करायला हवी होती, केली नाही.

"मी तुला मागे टाकून गेलो," ख्रिस्टी म्हणाला.

"गेलास."

"लोक हसत होते, जो."

"मला ठाऊक आहे. मीही तिथेच होतो."

ख्रिस्टीने टोपी काढून हातात धरली. "थोडं थांबलो असतो, तर तुझं नाव लागलं असतं."

"लागलं असतं," जो म्हणाला. "पुढे गेलास त्याचं मला काही नव्हतं. कुणीतरी रस्ता खुला करायलाच हवा होता. गायी ओरडत होत्या. पण तू माझ्या इतक्या जवळून गेलास की मी हात लावू शकलो असतो. आणि तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

ख्रिस्टीने मान वर केली. त्याचे डोळे अधू झाले होते, म्हणून तो एक पाऊल पुढे सरकला, मग आणखी एक, आणि भावाच्या चेहऱ्यापाशी वाकून त्याच्याकडे बघत राहिला.